फादरबाबाच्या खोलीचा जिम्मा

मपलं गाव शिरूर कासारच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला एक वस्ती हाय तिथलं, पण जल्म काय तिथला न्हाई, जल्म कारखान्यावरच्या पाचटाच्या कोपीतला, कारण आई-बाप दरसाल ऊसतोडीला जायचे आन् मी पोटात असताना बी आई गेलतीच, कोण थांबणार, थांबायचं म्हणलं तर मुकादम थांबू देतो व्हय. दिवाळी झाली की गाडी भरायची आन् पाडव्याच्या आगंमागं परत यायचं. शाळा म्हणाल तर शाळेच्या पायऱ्या बघितल्या, आत बसले ते थोडंच. नाव कौसा. कौसल्या म्हणून कुठंतरी लिवलंय, पण त्या नावानं कुणी हाक मारली तर मी वळून बी बघायची न्हाई.

लगीन चकलांब्याला झालं. आमचे मालक बी कोयत्यावरचेच, लई ताकदीचा माणूस, पण ऊसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढताना पाय घसरला आन् कंबर गेली. सासू तर आधीच अंथरुणाला खिळलेली. घरात दोन माणसं आडवी आन् मी एकटी उभी, काय सांगू तुमाला, रडायला बी येळ नव्हता. सासूच्या पाठीला जखमा झाल्या, वास यायला लागला, शेजारीण दारात येईना. तव्हा गावात दवाची गाडी घेऊन चर्चच्या सिस्टर यायच्या, देवाला वाहिलेल्या बाया, त्यातल्या मोठ्या सिस्टरनं मला शिकवलं. दोन घंट्याला कूस बदलायची, चादरीला सळ पडू द्यायचा न्हाई, टाचंखाली मऊ चिंधी ठिवायची, आन् सगळ्यात आधी माणसाला सांगायचं की आता तुमाला वळवते, न सांगता हात लावायचा न्हाई, ती काय पोतं हाय का. सासू गेली तव्हा तिची पाठ कोरडी व्हती. मोठ्या सिस्टर मातीला आलत्या, तिथंच म्हणल्या, कौसा, येतेस का आमच्याकडे कामाला. मालक तव्हर काठी टेकून हिंडायला लागलते, मी म्हणलं, येते.

तर हे घर. तेलगावच्या रस्त्यानं पुढं, माळावर. लोक म्हाताऱ्यांचं घर म्हणत्यात. नावं मी तुमाला बदलून सांगते, माणसांची बी. हितं त्यांचे फादर लोक येत्यात, थकले की. लगीन केलेलं नसतं, लेकरं न्हाईत, उमर सगळी दुसऱ्याच्या गावात गेलेली, मंग शेवटाला कोण बघणार. तसंच साधी माणसं बी, ख्रिस्ती, आपली, मुसलमान, ज्याला कुणी न्हाई तो, आन् ज्याला सगळे असून न्हाईत तो बी. सिस्टर फक्त चौघी. त्यातल्या दोघी तर इतक्या थकल्यात की कोण कुणाची सेवा करतंय ते कळत न्हाई, एक सिस्टर चाकाची खुर्ची ढकलते का खुर्चीला धरून चालते, देव जाणे. मोठ्या सिस्टर केरळच्या, पण हितं येऊन जल्म गेला, टँकरवाल्याशी भांडायला लागल्या की माजलगावची बाई वाटंल.

फादर लॉरेन्स आले तव्हा चालत आलते. आमी सगळे त्यांना फादरबाबा म्हणायचो. जालन्याकडचा माणूस, आपल्यासारखीच भाषा, ह्या सगळ्या तालुक्यांत सायकलीवर फिरलेला. कुठल्या वस्तीवर कुणाची म्हैस व्यालीय इथपर्यंत त्यांना खबर असायची. मंग हळूहळू याद जायला लागली. आधी जेवलो का न्हाई ते इसरले, मंग संडास कुठं ते इसरले, मंग इंग्रजी गेली, त्यांना लई चांगली यायची म्हणत्यात, ती पार गेली. उरली ती मराठी. आन् उरले ते हात. हात काही स्वस्थ बसंनात, सारखे चादरीचे दोरे उसवायचे, सदऱ्याची बटनं तोडायचे, सगळं गुंडाळून मला द्यायचे.

आता हितं तुमाला एक सांगावं लागतं, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. त्यांच्यात कन्फेशन असतंय. माणसानं फादरपाशी जायाचं, गुडघे टेकायचे, आन् आपलं पाप सांगायचं. फादर गळ्यात जांभळी पट्टी घालतो, कान देतो, देवाच्या नावानं माफी देतो. आन् ते ऐकलेलं त्यानं मरंस्तोवर कुणाला सांगायचं न्हाई, जीव गेला तरी न्हाई. मला हे लई आवडायचं. आपल्यात सांगायचं तर कुणाला, जावंला सांगितलं की सांच्याला गावात.

झालं काय, मोठ्या सिस्टर त्यांच्या बैठकीला लांब गेलत्या. मागं सिस्टर ग्रेसी, नवीन पोर, मनानं सोनं. तिला फादरबाबाच्या हाताची तळमळ बघवंना. तिनं चर्चमधून ती जांभळी पट्टी आणून त्यांच्या हातात दिली. आन् काय सांगू, हात थांबले. त्यांनी पट्टीचा मुका घेतला, गळ्यात घातली, हात डोळ्यावर धरला आन् कान पुढं करून बसले, गप, शांत. आमाला सगळ्यांना इतका आनंद झाला, ग्रेसी तर रडली. मंग काय, हॉलमधली म्हातारी माणसं एक-एक करून त्यांच्यापुढं जाऊन बसायला लागली. एरवी कन्फेशनला फादर यायचे ते महिन्यातून कव्हातरी, आन् हितं घरातच फादर, वर इसरणारा. म्हातारे हसायचे, म्हणायचे, असा फादर बरा, हिकडं सांगावं तिकडं पुसलं. हनीफचाचा, जल्मभर फळाचा गाडा लावलेला माणूस, तो बी जाऊन बसला आन् उठून सगळ्यांना वरडून सांगितलं की मी सडकी पपई खपवल्याचं सांगून आलो, आता मला मोकळं केलंय. लई हसलो आमी.

पण याद अशी जात न्हाई हो. ती वरून जाते. कालचं जातं, परवाचं जातं, आन् खालचं उघडं पडतं.

रविवार व्हता, भेटीचा दिवस. मार्थाआजीचा ल्योक आलता, शांतवन, त्यांच्यात दिलाशाला शांतवन म्हणत्यात. मार्थाआजी म्हणजे हिकडच्याच एका गावच्या, मालक मिशनच्या शाळंत मास्तर व्हते, ते वारले. शांतवन एकुलता एक. टेम्पो हायती त्याचे, चर्चच्या कमिटीत हाय, माणूस चांगला, दर रविवारी आईला पेरू आणायचा आन् सोताच्या हातानं चिरून बिया काढून भरवायचा. असे लेक मी हितं लई बघितले न्हाईत. तर सगळे जेवायला बसलेले, मी वाढत व्हते, आन् फादरबाबा पट्टी गळ्यात घालून कोपऱ्यात बसलेले. त्यांनी मान वर केली, मार्थाआजीकडं बघितलं बी न्हाई, समोर भिंतीकडं बघून म्हणले, आवाज कसा स्वच्छ, जवान माणसाचा, म्हणले, मार्था, रडू नका बाई, त्या लेकराचा काय दोष हाय, शांतवन नाव ठिवलंय ना तुमी त्याचं.

मला काय सुचलं कुणास ठाऊक, बाजूला ताटांची चळत व्हती ती म्या ढकलून दिली. स्टीलची ताटं, फरशीवर, सगळा हॉल दणाणला. त्या आवाजात फादरबाबा पुढं बोलतच व्हते आन् मी त्यांच्या तोंडाशी उभी व्हते. पुढचं म्या ऐकलं. दुसऱ्या कुणी ऐकलं न्हाई. पण आधीचं शांतवननं ऐकलं व्हतं, त्याच्या हातातला पेरू तसाच राह्यला. मार्थाआजी ताटाकडं बघत व्हत्या. त्यांनी घास तोंडात घातला आन् तो चावंनात.

मोठ्या सिस्टर परतल्या तव्हा ग्रेसीनं सगळं सांगितलं. मोठ्या सिस्टर तशाच उठून फादरबाबापाशी गेल्या. मंग पट्टी काढून घेतली आन् फादरबाबाला मागच्या खोलीत हलवलं, कोठीच्या पलीकडं, जिथं कुणी जात न्हाई. मला बोलावून म्हणल्या, कौसा, या खोलीचा जिम्मा तुझा, आत तुझ्याशिवाय कोणी जाणार नाही, आम्हीसुद्धा लागेल तेवढंच. मी म्हणलं, मीच कावून. तर म्हणल्या, तू आमच्यातली नाहीस, तुला कुणाचं कोण माहीत नाही. मी म्हणलं, सिस्टर, तुमी इतकी वरसं हितं राहून असं म्हणता, बीड जिल्ह्यात कुणाला कुणाचं कोण मालूम नसतं का. तव्हा त्यांनी मला समजावलं. ऐकणारा फादर बांधलेला असतोच, पण चुकून ज्याच्या कानावर पडलं तोही तितकाच बांधलेला, त्यानं ते सांगायचं नाही, आणि माहीत असल्यासारखं वागायचंही नाही. मी म्हणलं, पर मी तुमच्या धर्माची न्हाई. तर म्हणल्या, कान कुठल्या धर्माचे असतात, कौसा?

तव्हापासून मी त्या खोलीत. आंघोळ, कपडे, पेज, औषध. बोलायचे ते, पट्टी नसली तरी बोलायचे, जेवताना गळ्याशी फडकं बांधलं की त्यांना ती पट्टीच वाटायची. मी फडकं बांधायचं सोडलं, मंग सदरा भरायचा पेजेनं, भरू दे, धुवायला मी हायच. तरी बोलायचेच. मी तोंडानं काहीबाही गात राह्यची, ओव्या म्हणायची, आपल्याच कानात आपला आवाज भरून घ्यायची. किती भरणार. काय काय ऐकलं ते इचारू नका. माणसं लई साधी असत्यात हो, त्यांची पापं बी साधी, पोटासाठी, लेकरासाठी, न्हाईतर भ्यालेली.

पण ह्याच्यात सगळ्यात वाईट काय सांगू. कव्हाकव्हा सकाळी त्यांचं डोकं साफ असायचं. दाढी करताना माझा हात धरायचे आन् इचारायचे, कौसा, खरं सांग, माझ्या तोंडून कुणाचं काही गेलं का. ते डोळे म्या बघितलेत. ऊसाच्या फडात बिबट्या बघून आलेल्या माणसाचे तसे असत्यात. मी म्हणायची, न्हाई बाबा. ते म्हणायचे, गेलं असेल तर माझं तोंड बांध, मी राग मानणार नाही. मी म्हणायची, गेलं न्हाई तर बांधू कशाला, गाल फुगवा, वस्तरा लागंल. रोज खोटं बोलायची. देवाच्या माणसाशी.

हिकडं शांतवन काही गप बसंना. एकदा मी टाकीपाशी कपडे पिळत व्हते तर आला. म्हणला, मावशी, तू जवळ उभी होतीस, पुढं काय म्हणले फादर. मी म्हणलं, ताटं पडली, म्या काय ऐकलं न्हाई. तो म्हणला, ताटं तू पाडली, मी बघितलंय. म्या बादलीतलं लुगडं उचललं. म्हणला, मी कुणाचा आहे तेवढं सांग. एवढा मोठा माणूस, पोरीचं लगीन केलेला, टाकीच्या कट्ट्यावर बसून रडायला लागला. मला वाटलं, सांगून टाकावं आन् ह्याला मोकळं करावं, त्यात काय हाय, आपल्यात काय कमी झालंय असलं. पर मंग फादरबाबाचे ते डोळे आठवले आन् म्या पिळलेलंच लुगडं परत पिळलं. तो उठला, म्हणला, ठीक आहे, मग तो म्हातारा इथं राहणार नाही, आज माझ्या आईचं बोलला, उद्या दुसऱ्याच्या आईचं बोलेल. आन् खोटं काय व्हतं त्याचं, सांगा.

शांतवननं चर्चच्या कमिटीतून वरच्या फादरांना कळवलं. वरून निरोप आला, फादरांना दूर दक्षिणेत पाठवा, तिकडं त्यांच्यासाठी मोठं घर हाय, डॉक्टर हाय, नर्स हायती. मोठ्या सिस्टरनं मला सांगितलं, म्हणल्या, चांगली जागा आहे, आमच्या गावाकडची, आणि तिथं कुणाला मराठी येत नाही, काही बोलले तरी कुणाचं नुकसान नाही. मी म्हणलं, आन् पाणी मागितलं तर? सिस्टरनं तोंड फिरवलं. म्हणल्या, तू जा, त्यांचे कपडे बांधायला घे.

मला एक वाट दिसत व्हती. मार्थाआजीनं सोता लेकाला सांगितलं तर संपलंच सगळं, मंग लपवायला उरलं काय, मंग फादरबाबाला कुठं धाडायची गरज न्हाई. पर हे तिला मी सांगणार कसं. सांग म्हणलं की मला मालूम हाय हे कबूल झालं, आन् तेच तर करायचं न्हाई. सुट्टीला घरी गेले तर मालक म्हणले, तुला झालंय काय, बोलंनास, कुणी काही म्हणलं का. त्यांना बी काय सांगू. पंचवीस-तीस सालाचा संसार, कव्हा काही लपवलं न्हाई, आन् आता भाकरी थापताना त्यांच्याकडं पाठ करून बसले.

परत आले, आन् मार्थाआजीची येणी घालायला घेतली, उन्हात बसवून. त्या दिवसापासून त्या बाईनं माझ्याशी एक शब्द काढला नव्हता. तिला मालूम व्हतं की मला मालूम हाय. मी केस विंचरता विंचरता एवढंच म्हणलं, आजी, फादरबाबाला लांब धाडणार हायती. ती म्हणली, कावून. मी म्हणलं, तिकडं कुणाला मराठी येत न्हाई म्हणून. बस, एवढंच. माझ्या हातातली फणी तिनं घेतली, तिच्यातले गुंतलेले केस एक-एक काढत बसली, सगळी फणी साफ केली. मंग म्हणली, शांतवनला फोन लाव.

हे एवढं बोलले ते बी नेम मोडणं झालं का न्हाई, मला अजून कळंना. मोठ्या सिस्टरला इचारलं तर त्यांना बी सांगता येईना, म्हणल्या, मी तुझ्यासाठी प्रार्थना करते. म्हणजे झालंच असंल थोडं.

शांतवन आला. मायलेक लिंबाखाली बसले. मी लांब, व्हरांड्यात, गहू निवडत. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं न्हाई आन् आईशपथ म्या ऐकायचा प्रयत्न केला न्हाई, लई ऐकलंय. आजीच बोलत व्हती. तो मान खाली घालून. मंग तो उठला, फाटकापर्यंत गेला, परत आला, आजीच्या खांद्यावरून पदर घसरला व्हता तो नीट केला आन् गेला. टेम्पो चालू झाल्याचा आवाज आला, बास.

तव्हाचा तो आला न्हाई. कमिटीला त्यानं फोन करून सांगितलं, माझी काही तक्रार नाही, फादरांना राहू द्या. फादरबाबा राह्यले. बांधलेलं गाठोडं म्या सोडलं. आन् आजीसाठी दर महिन्याला ड्रायव्हरच्या हाती जवारीचं पोतं येतं, पेरूच्या दिवसांत पेरू बी आलते. जवारी येती, तो येत न्हाई. रविवारी आजी फाटकाकडं तोंड करून बसते, मी म्हणते, आजी, ऊन लागंल, आत चला, तर म्हणते, लागू दे. येईल का तो? मला वाटतं येईल, रक्ताचं असो न्हाईतर नसो, त्या हातांनी पेरू चिरलेत. पण मला वाटून काय व्हतंय.

ही गोष्ट तुमाला सांगू का म्हणून म्या तिला आधी इचारलं. तिनं मुभा दिली. म्हणली, माझं सांग, पण त्या बाबाला वाईट दिसंल असं सांगू नको.

परवाची गोष्ट. सकाळी आजी चार पायाची काठी टेकत टेकत मागच्या खोलीच्या दारात आली. कुणी यायचं न्हाई असा हुकूम हाय, पर मोठ्या सिस्टर कोठीत व्हत्या, त्यांनी बघितलं आन् बघितलंच न्हाई असं केलं. मी पेज भरवत व्हते. आजी पलंगाशी बसली. फादरबाबानं तिच्याकडं बघितलं, म्हणले, बाई, तुम्ही कुठल्या गावच्या. तिनं गावाचं नाव सांगितलं. ते म्हणले, तिथं मी यायचो, सायकलीवर, एक मास्तर होते तिथं, फार भला माणूस. आजी म्हणली, व्हय. मंग ते जरा पुढं झुकले, आवाज बारीक केला आन् तिलाच इचारलं, बाई, खरं सांगा, माझ्या तोंडून कधी कुणाचं काही गेलं का. आजीनं त्यांची चादर नीट केली. मंग म्हणली, न्हाई फादर, तुमी कुणाचंच काही बोलला न्हाई. त्यांनी सुस्कारा सोडला आन् तोंड उघडलं, पेजेसाठी. आजीनं माझ्या हातातली वाटी घेतली आन् सोता भरवलं त्यांना, सगळी वाटी.

असं चाललंय. तुमी इतक्या लांबून आलात, चहा घेतल्याबिगर जाऊ नका, देव तुमच्या आई-बापाला सुखात ठिवो, त्यांची सेवा तुमच्याच हातून घडो. मला आताशा एकच फिकीर लागलीय. काल भाजीत दोनदा मीठ पडलं. परवा कोठीची किल्ली कमरेला आन् मी घरभर हुडकत व्हते. उद्या मी बी म्हातारी व्हणार, मला बी कुणीतरी पेज भरवंल, फडकं बांधंल गळ्याला. त्यांच्या देवाला बी सांगते आन् आपल्या बी, ज्याला ऐकू जाईल त्यानं ऐकावं, याद न्यायची तर ने बाबा, पण त्याच्या आधी माझी जबान ने.